लेबलावरचं एक वाक्य

एंजल्स एन्व्ही नावाच्या अमेरिकन व्हिस्कीच्या लेबलावर एक वाक्य असतं. देवनागरीत लिहायचं तर असं - 'केंटकी स्ट्रेट बर्बन व्हिस्की, फिनिश्ड इन पोर्ट वाइन बॅरल्स'. दुकानात उभ्याउभ्या वाचलं तर जाहिरातवाल्यांची नेहमीची पोपटपंची वाटते. पण बर्बनचा इतिहास थोडाफार ठाऊक असेल तर हे वाक्य वाचताना अडखळायला होतं. कारण त्याचा पहिला अर्धा भाग सांगतो, की यात बाहेरचं काही घातलेलं नाही. आणि दुसरा अर्धा सांगतो, की ही व्हिस्की शेवटचे काही महिने दुसऱ्याच दारूने भिजलेल्या पिंपात काढून आली आहे. मग यातलं खरं काय?

प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. 'व्हिस्की म्हणजे काय?' या एका प्रश्नावर अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ, वकील, ॲटर्नी जनरल आणि सरतेशेवटी खुद्द राष्ट्राध्यक्ष यांनी डोकं शिणवलेलं आहे. आणि त्या भांडणाच्या मुळाशी दारू नव्हतीच, होती भेसळ. म्हणून न पिणाऱ्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही.

आधी बर्बनचं सोवळं काय असतं ते सांगतो. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. गाळताना मद्यार्काचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, नाहीतर धान्याची चव उडून जाते. पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांच्या वर नको. पिंप ओकचं, कोरं करकरीत आणि आतून जाळलेलं पाहिजे. रंग नाही, अर्क नाही, साखर नाही. घालायचंच तर फक्त पाणी. निदान दोन वर्षं मुरलेली असेल तर तिला 'स्ट्रेट' म्हणायचं. पिंप एकदाच वापरायचं, दुसऱ्यांदा त्यात बर्बन भरता येत नाही. आपल्याकडे लोणच्याची बरणी पिढ्यान्‌पिढ्या चालते, इथे दरवेळी नवी बरणी!

या कोऱ्या पिंपातच सगळी जादू आहे. भट्टीतून उतरलेली दारू पाण्यासारखी पांढरी असते. ओकच्या फळ्या आतून जाळल्या की लाकडातलं लिग्निन फुटून व्हॅनिलासारखा वास देणारी द्रव्यं तयार होतात, लाकडातल्या शर्करा करपून कॅरॅमल होतात, आणि वरचा कोळशाचा थर गंधकासारखे नकोसे वास शोषून घेतो. केंटकीच्या उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते. असं चार-सहा वर्षं चाललं की रंग, वास, गोडवा सगळं लाकडातून उतरतं. या काळात जी वाफ होऊन उडून जाते तिला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. वर ज्या बाटलीचं नाव घेतलं तिचं नाव त्यावरूनच आलंय. देवदूतांच्या वाट्याला जे आलं नाही आणि ज्याचा त्यांनाही हेवा वाटावा, ते म्हणे या बाटलीत आहे. असो.

पिंप आतून जाळायची ही कल्पना कुणाची? केंटकीत एका पाद्र्याची गोष्ट सांगतात, पण तिला पुरावा नाही. पुरावा आहे तो १८२६ सालच्या एका पत्राचा. लेक्झिंग्टनच्या एका दुकानदाराने बर्बन परगण्यातल्या जॉन कॉर्लिस नावाच्या माणसाला लिहिलं होतं, की पिंपं आतून थोडीशी जाळली तर व्हिस्की बरीच सुधारते असं माझ्या कानावर आलंय. मायकेल वीच या इतिहासकाराचा तर्क असा, की यामागे न्यू ऑर्लीन्सचं गिऱ्हाईक असावं. तिथल्या फ्रेंच लोकांना कोन्याकची, म्हणजे जळक्या लाकडात मुरलेल्या द्राक्षाच्या दारूची सवय. मक्याच्या दारूला तसा रंग-वास आणला तर ती तिथे खपेल, असा व्यापाऱ्यांनी विचार केला असणार. हा तर्क खरा धरला तर मोठी गंमत होते. ज्या जळक्या पिंपाला आज बर्बनचा आत्मा म्हणतात, ते मुळात द्राक्षाच्या दारूची नक्कल करण्यासाठी आलं!

आता भांडणाकडे वळू. १८३० मध्ये आयर्लंडमध्ये ईनिअस कॉफीने सतत चालणाऱ्या उभ्या भट्टीचं पेटंट घेतलं. या तऱ्हेच्या भट्ट्या पसरल्या तसा जवळजवळ चवहीन, स्वस्त मद्यार्क मुबलक मिळू लागला. तो विकत घ्यायचा, त्यात पाणी, करपवलेली साखर, सुक्या आलूबुखाऱ्याचा रस, कसकसले अर्क घालायचे आणि 'जुनी बर्बन' म्हणून विकायचा, असा एक धंदाच उभा राहिला. हे काम करणाऱ्यांना रेक्टिफायर म्हणत. ते चोरून चालत नसे. १८५३ मध्ये पिएर लाकूर नावाच्या गृहस्थाने यावर चक्क पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या नावातच सांगून टाकलं की ही दारू, वाइन वगैरे ऊर्ध्वपातनाशिवाय कशी बनवायची. भट्टी नको, मुरवणं नको, चार वर्षं थांबणं नको. सकाळी मिसळा, संध्याकाळी विका. आपल्याकडच्या हातभट्टीतला नवसागर आठवावा अशी काही मिश्रणं अंगावर येणारी होती, काही नुसतीच गोड आणि निरुपद्रवी. पिणाऱ्याला मात्र यातलं काहीच कळायची सोय नव्हती, कारण व्हिस्की दुकानात पिंपातून यायची आणि मापाने विकली जायची. पिंपावर नाव कुणाचं का असेना, आत काय ते दुकानदार जाणे.

१८७० मध्ये लुइव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राउन नावाच्या तरुणाने यावर एक साधा उपाय काढला. हा औषधं विकायचा. त्या काळी डॉक्टर व्हिस्की औषध म्हणून लिहून देत, आणि औषधात भेसळ असली तर डॉक्टरचं नाव जाणार. ब्राउनने आपली बर्बन फक्त सीलबंद काचेच्या बाटलीत विकायला सुरुवात केली. तिचं नाव ओल्ड फॉरेस्टर. त्याच्या घराण्याची ब्राउन-फॉरमन ही कंपनी आजही चालू आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते परत येणार आहे.

पण एका व्यापाऱ्याच्या सीलने देशभरातली भेसळ थांबत नाही. एडमंड टेलर नावाचा एक नामांकित भट्टीवाला आणि त्या वेळचे अर्थमंत्री जॉन कार्लाइल, दोघेही केंटकीचे, यांनी मिळून जोर लावला आणि १८९७ मध्ये 'बॉटल्ड इन बाँड' कायदा आला. एकाच भट्टीची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीतल्या गोदामात निदान चार वर्षं मुरलेली, बरोबर ५० टक्के मद्यार्काची व्हिस्की असेल तर तिच्यावर सरकारी शिक्का. कायद्याने भेसळवाल्यांवर बंदी आणली नाही. ज्याला खरं सांगायचंय त्याला ते सरकारच्या साक्षीने सांगायची सोय केली, एवढंच. मला हा कायदा फार आवडतो. खाण्यापिण्याच्या पदार्थाबद्दल ग्राहकाला हमी देणारा हा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा सुरुवातीचा कायदा, आणि तो दुधाचा किंवा पिठाचा नव्हे, तर दारूचा!

पुढे आले डॉक्टर हार्वे वायली, सरकारी कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ. यांनी १९०२ पासून तरुण स्वयंसेवकांना टाकणखार वगैरे घातलेलं जेवण खाऊ घालून त्यांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो ते पाहिलं होतं. वर्तमानपत्रांनी त्या मंडळींना 'विषपथक' असं नाव दिलं. वायलींच्या खटपटीतून १९०६ चा शुद्ध अन्न आणि औषध कायदा झाला. त्यात म्हटलं, की लेबलावर खोटं लिहायचं नाही. ठीक. पण मग लेबलावर 'व्हिस्की' कधी लिहायचं? वायलींचं मत ठाम होतं. धान्यापासून गाळून लाकडात मुरवली तीच व्हिस्की, रंग-अर्क घातलेला मद्यार्क म्हणजे नक्कल. ॲटर्नी जनरल चार्ल्स बोनापार्ट यांनी १९०७ मध्ये साधारण तसाच निर्वाळा दिला. (हो, हे त्याच बोनापार्टांपैकी. नेपोलियनचा धाकटा भाऊ जेरोम यांचा नातू.) रेक्टिफायर लोकांच्या हाती आपल्या मालावर 'नकली व्हिस्की' लिहायची पाळी आली. ते गप्प बसणार थोडेच.

प्रकरण गेलं राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्याकडे. टाफ्ट मुळात न्यायाधीश. डिसेंबर १९०९ मध्ये त्यांनी निकाल दिला तो वकिली काटेकोरपणाचा नमुना आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. इतकी वर्षं लोक धान्याच्या मद्यार्कात रंग-चव घालून केलेल्या दारूलाही व्हिस्कीच म्हणत आले आहेत, तेव्हा ते नाव त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही. पण ती कशी केली ते लेबलावर सांगायला हवं. मुरवलेली असेल तर 'स्ट्रेट', मिश्रण असेल तर 'ब्लेंडेड'. म्हणजे शुद्ध-अशुद्धाचा निवाडा त्यांनी केलाच नाही. त्यांनी विचारलं, गिऱ्हाइकाला खरं सांगितलंय ना?

या निकालात एक ओळ आपल्याला लागू पडणारी आहे. मळीपासून केलेल्या मद्यार्काला मात्र व्हिस्की म्हणता येणार नाही, असं टाफ्ट म्हणाले. मळीच्या दारूचं प्रचलित नाव रम. आता आपल्याकडची नेहमीची, परवडणारी 'व्हिस्की' आठवा. तिच्यातला बराचसा मद्यार्क मळीचा असतो, आणि म्हणूनच ती युरोपात व्हिस्की या नावाने विकता येत नाही. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात हे कुणाला नव्याने सांगायला नको. पण क्वार्टर घेणाऱ्याने टाफ्टचा प्रश्न कधी विचारल्याचं ऐकिवात नाही.

असो, अमेरिकेत परत जाऊ. १९२० ते १९३३ तिथे दारूबंदी होती. ती उठल्यावर नव्याने नियम बांधले गेले, आणि त्या १९३० च्या दशकातच बर्बनसाठी कोऱ्या जळक्या पिंपाची सक्ती आली. म्हणजे ज्या नियमाला आपण अनादी परंपरा समजतो तो नव्वद वर्षांपेक्षा फारसा जुना नाही. पिंपं बनवणाऱ्या कारागिरांना आणि ओकच्या जंगलमालकांना त्यातून कायमचं काम मिळालं, हा काही लहान मुद्दा नव्हे. १९६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बन ही अमेरिकेचीच खास चीज असल्याचं जाहीर केलं. सोवळं पुरं झालं.

पण एकदा वापरलेल्या पिंपांचं करायचं काय? ती गेली स्कॉटलंडला. स्कॉच लोकांचा हिशेब पहिल्यापासून निराळा, पिंप कोरं असायला हवं असं त्यांना कधीच वाटलं नाही. उलट ब्रिटनमध्ये स्पेनहून शेरी यायची ती पिंपातून. शेरी संपली की पिंप पडून राहायचं, ते स्वस्तात मिळायचं, म्हणून त्यात व्हिस्की. काटकसरीतून चव जन्माला आली. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरून पाठवायची असं ठरलं आणि हा स्वस्त ओघ आटला. याच सुमारास बाल्व्हेनी भट्टीत डेव्हिड स्ट्युअर्ट एक प्रयोग करत होते. बर्बनच्या जुन्या पिंपात मुरलेली व्हिस्की शेवटचे काही महिने शेरीच्या पिंपात ठेवायची. १९९३ मध्ये त्यांची 'डबलवुड' बाजारात आली. याला नाव पडलं 'फिनिशिंग'. पाठोपाठ पोर्टची, मदिराची, लाल वाइनची पिंपं आली.

इथेही एक रेषा ओढावी लागली बरं का. शेरीची अस्सल पिंपं कमी पडू लागली तेव्हा पुष्कळ भट्टीवाले जुन्या पिंपात पॅक्सारेट नावाची दाट, गोड वाइन दाबाने मुरवून घेत आणि मग व्हिस्की भरत. १९९० च्या सुमारास ते बंद झालं, कारण ही चव लाकडाची नसून घातलेली आहे असं ठरलं. पिंपात आधी वाइन ठेवली होती म्हणून लाकडात वाइन राहिली तर चालेल, व्हिस्कीला चव यावी म्हणून लाकडात वाइन भरली तर नाही. यातला फरक समजावून सांगायला टाफ्टच हवेत.

स्कॉटलंडची ही युक्ती बर्बनच्या माहेरी आली ती उशिरा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जिम बीम कंपनीने एक जुनी बर्बन कोन्याकच्या पिंपात ठेवून काढली. २००७ मध्ये वुडफर्ड रिझर्व्ह या बर्बनची एक आवृत्ती कॅलिफोर्नियाच्या शार्डोने वाइनच्या पिंपातून निघाली. वुडफर्ड रिझर्व्ह कुणाची? ब्राउन-फॉरमनची! भेसळ नको म्हणून बाटलीला सील लावणाऱ्या जॉर्ज ब्राउनच्या कंपनीने १३७ वर्षांनी स्वतःच्या बर्बनला वाइनचं बोट लावलं. आणि त्याच कंपनीत चाळीसेक वर्षं काढून निवृत्त झालेले लिंकन हेंडरसन यांनी मुलाला हाताशी धरून २०१०-११ मध्ये बाजारात आणली ती एंजल्स एन्व्ही. चार ते सहा वर्षांची बर्बन, मग तीन ते सहा महिने रूबी पोर्टच्या पिंपात. हेंडरसन २०१३ मध्ये गेले. २०१५ मध्ये बकार्डीने कंपनी घेतली आणि २०१६ मध्ये लुइव्हिलला त्यांची स्वतःची भट्टी सुरू झाली.

कायद्याच्या नजरेत ही बाटली निव्वळ बर्बन राहत नाही, तिची गणना 'विशेष' प्रकारात होते. म्हणून लेबलावर पूर्ण हकीकत लिहावी लागते: आधी स्ट्रेट बर्बन होती, मग पोर्टच्या पिंपात ठेवली. ज्या वाक्यापाशी आपण अडखळलो, ते कायद्याने लिहायला लावलेलं वाक्य आहे.

आता पोर्टकडे वळू, कारण वाक्याचा दुसरा अर्धाही तितकाच भानगडीचा आहे. पोर्ट येते पोर्तुगालच्या डौरो नदीच्या खोऱ्यातून. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाची कडक दारू ओततात. त्याने आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते, आणि गोड पण वीसेक टक्के मद्यार्काची वाइन तयार होते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये तिला इतकी मागणी आली, की लोक हलक्या वाइनमध्ये एल्डरबेरी नावाच्या काळ्या-जांभळ्या फळाचा रस घालून रंग आणू लागले. १७५६ मध्ये पोर्तुगालचे सर्वेसर्वा मंत्री पोम्बाल यांनी डौरोच्या द्राक्षमळ्यांची हद्द आखून घेतली आणि त्या भागातली एल्डरबेरीची झाडं उपटून टाकायचा हुकूम काढला. भेसळीवर इलाज म्हणून झाडंच उपटली!

याहून गमतीची गोष्ट जोसेफ फॉरेस्टर यांची. हे पोर्तोमधले इंग्रज वाइन-व्यापारी. १८४४ मध्ये त्यांनी एक पुस्तिका काढली आणि आपल्याच व्यापारीबंधूंवर तुटून पडले. त्यांचा आक्षेप कशाला होता? आंबत्या रसात दारू ओतण्याला. त्यांच्या मते ती सरळसरळ भेसळ, खरी पोर्ट म्हणजे पुरी आंबलेली, कोरडी वाइन. १८६१ मध्ये डौरो नदीत नाव उलटून फॉरेस्टर बुडाले. त्यांचा आक्षेपही त्यांच्यामागे बुडाला, आणि ज्याला ते भेसळ म्हणत तीच आज पोर्टची कायदेशीर व्याख्या आहे.

पोर्ट ज्या लांबुळक्या पिंपात ठेवतात त्याला पोर्तुगीज भाषेत 'पीपा' म्हणतात. आपलं 'पिंप' आलं ते याच शब्दावरून. पाव, बटाटा, साबण यांच्याबरोबर हाही शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला आणि घरात पाणी भरून ठेवायच्या पिंपापर्यंत पोचला. तेव्हा 'पोर्टचं पिंप' असं म्हणताना आपण वेगळं काही करत नसतो, तो शब्द मूळ मालकाला परत देत असतो.

गेल्या हिवाळ्यात पुण्यात एका मित्राकडे आम्ही तिघांनी ही बाटली नीट, शांतपणे चाखली. मित्र पेशाने रसायनशास्त्रज्ञ. त्याने तीन ग्लास मांडले: एकात साधी बर्बन, दुसऱ्यात ही पोर्टच्या पिंपातली, आणि तिसऱ्यात गोव्याहून आणलेली 'पोर्ट वाइन'. साधी बर्बन ओळखीची. व्हॅनिला, जळक्या साखरेचा खरपूस वास, भाजलेलं कणीस, आणि घशाखाली उतरल्यावर लाकडाचा किंचित तुरटपणा. दुसऱ्या ग्लासचा रंग जरासा तांबूस. वास घेतला तर आधी बर्बनच, मग मागून काळ्या मनुका आणि आलूबुखारा. चव मऊ, तो शेवटचा तुरटपणा मनुकांनी झाकून टाकलेला. चार थेंब पाणी घातलं तर फळं आणखी पुढे आली आणि मका मागे गेला. तिसरा ग्लास थेट द्राक्षासव! गोव्याचं ते प्रेमळ, गोड पेय डौरोतून आलेलं नाही, तेव्हा पोर्तुगालच्या नियमाने ते पोर्ट नव्हेच. पण गोव्याहून येणारा कुणीही ते याच नावाने आणतो आणि कुणाला फसल्यासारखं वाटत नाही.

आवडली का? मला आवडली. तिसऱ्या मित्राला साधी बर्बनच बरी वाटली. त्याच्या मते दुसरीत कुणीतरी कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत. रसायनशास्त्रज्ञ मित्राने मात्र वेगळाच मुद्दा काढला. तो म्हणाला, "रिकामं पिंप कधी रिकामं नसतं. लाकडात काही लिटर पोर्ट मुरलेली असते, ती व्हिस्कीत उतरते. म्हणजे तुझ्या रेक्टिफायरने वाइन चमच्याने घातली, यांनी लाकडातून घातली. रेणूंना काय फरक पडतो?"

रेणूंना फरक पडत नाही, खरं आहे. अमेरिकन नियमांत ब्लेंडेड व्हिस्कीमध्ये अडीच टक्क्यांपर्यंत वाइनसारखी द्रव्यं घालायची मुभा आहेच. बर्बनला ती नाही. उद्या कुणी स्ट्रेट बर्बनमध्ये चमचाभर पोर्ट ओतली तर ग्लासात कदाचित फारसं वेगळं काही लागणारही नाही. मग एकाला भेसळ आणि दुसऱ्याला कारागिरी का म्हणायचं?

मला वाटतं याचं उत्तर त्या तीन ग्लासांत नाही, १८९७ आणि १९०९ मध्ये आहे. कुठलाही पदार्थ अनादी काळापासून शुद्ध नसतो. जळकं पिंप कदाचित नकलेतून आलं, कोऱ्या पिंपाची सक्ती दारूबंदीनंतर आली, पोर्टमधली कडक दारू एकेकाळी भेसळ ठरवली गेली होती. सोवळ्याचे नियम बदलतात, आणि पुष्कळदा ते कुणाच्या तरी पोटापाण्यासाठी बदलतात. बदलत नाही ती एकच गोष्ट - विकणारा जाणतो आणि विकत घेणारा जाणत नाही. रेक्टिफायरचा गुन्हा आलूबुखाऱ्याचा रस घालणं हा नव्हता, आलूबुखारा तर औषधी! त्याचा गुन्हा ते न सांगणं, आणि चार वर्षं थांबलेल्या माणसाचं नाव एका दिवसात वापरणं हा होता. त्याने फक्त पिणारा फसत नाही. ज्याने खरोखर चार वर्षं पिंपं सांभाळली, देवदूतांचा वाटा सोसला, तो बाजारातून उठतो. टेलर कायद्यासाठी झगडला तो काही निव्वळ परोपकारातून नव्हे, त्याचा धंदा बुडत होता. पण त्याच्या स्वार्थातून सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी झालं.

या कसोटीवर आपलं लेबल बरंचसं उतरतं. काय केलं ते ते सांगतं. सगळं सांगतं असं नाही. बाटली पहिल्यांदा आली तेव्हा कंपनीची स्वतःची भट्टी नव्हती, आत दुसरीकडे गाळलेली व्हिस्की होती. पिंपातून किती पोर्ट उतरली हे लेबलावर नसतं. 'फिनिश्ड' हा शब्दही मोठा सोयीचा, शेवटचा हात फिरवला असं तो सुचवतो. किती फिरवला ते विचारायचं नाही. तरीही लाकूरच्या पुस्तकापासून इथवर यायला दीडशेहून अधिक वर्षं लागली, आणि ती फुकट गेलेली नाहीत.

वाइनच्या पिंपाचा हा खेळ आता आपल्याकडेही आलाय. बंगळुरूच्या अमृतने २०११ मध्ये पोर्टच्या पिंपात ठेवलेली सिंगल माल्ट 'पोर्टोनोव्हा' काढली, गोव्यात पॉल जॉनच्या गोदामात बर्बनची जुनी पिंपं रांगेने मुरत असतात. जगभरच्या जाणकारांनी या भट्ट्यांचं कौतुक केलंय, आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटतो तो योग्यच आहे. पण या महागड्या बाटल्यांवर पिंपाचं नाव-गाव लिहिलेलं असतं, कारण त्या घेणारा ते वाचतो. ज्या बाटलीवर खरं सांगायची जास्त गरज आहे ती स्वस्त असते, तिचं लेबल कुणी वाचत नाही, आणि तिच्यावर नुसतं 'व्हिस्की' लिहिलेलं असतं.